तिसऱ्या बेसमागची हाक

दाजी, तुमचा फोटो अखेर भिंतीवर लागला. डावा डोळा मिटलेला आहे.

शोधायला आम्ही काही कमी केलं नाही. स्टुडिओतली कपाटं, दोन हार्ड डिस्क, अक्काच्या पेटीतला लग्नाचा अल्बम, सगळं पालथं घातलं. तुमचे फोटो ढीगभर निघाले आणि एकूण एक फोटोत डावा डोळा बंद. कॅमेरा दिसला की एक डोळा मिटायचा, ही सवय तुमच्या अंगात इतकी मुरली होती की कॅमेरा तुमच्यावर रोखलेला असला तरी डोळा आपला मिटायचाच. अल्बममध्ये अंतरपाट नुकताच खाली आलाय, अक्का मान खाली घालून उभी आहे आणि नवरदेव साऱ्या वऱ्हाडाला डोळा मारतायत. आधार कार्डाच्या माणसानं तुम्हाला पाच वेळा उठवून बसवलं होतं. शेवटी तोच म्हणाला, "काका, डोळा स्थिर ऱ्हात नसंल तर निदान मन तरी स्थिर ठेवा."

दहाव्याला आलेली माणसं फोटोपुढं हात जोडायची, मान वर करायची आणि जरा दचकायची. श्रद्धांजलीच्या भाषणाला उभे राहिलेले एक पुढारी 'दिलखुलास व्यक्तिमत्त्व' इथपर्यंत आले, त्यांची नजर फोटोवर गेली आणि पुढचं वाक्य कुठं गेलं ते त्यांना सापडेना. मी अक्काच्या कानाशी लागलो. म्हटलं, "कंप्युटरवर दुसरा डोळा उघडून घेता येतो. घेऊ का?"

अक्का म्हणाली, "नगं. दोन्ही डोळं उघडं ठिवून बघनारा मानूस माज्या वळखीचा न्हाई."

मग तसाच राहिला.

त्या दिवशी मलाही चार शब्द बोलायला लावलं. मी माईक धरला आणि म्हणालो, "दाजी गेले. फार वाईट झालं. ते फार चांगले होते." आणि खाली बसलो. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं पत्रव्यवहार केलेल्या माणसाची ही कमाई. खरं सांगायचं तर जे बोलायचं होतं ते माईकवरचं नव्हतंच. ते ऐकायला तुम्ही एकटेच हवे होतात. तुमच्याकडून एकोणीस वर्षं मुदतवाढ घेत आलेला माणूस आता हिशोबाला बसलाय असं समजा. नाही, हिशोब नको. गप्पाच म्हणू.

तुम्हाला सॉफ्टबॉलचं वेड लागलं ते पासपोर्ट फोटोंमुळं, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्या शाळेच्या मुलींना जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं होतं, फॉर्मवर फोटो हवे होते. खरात सरांनी, म्हणजे आमच्या खेळाच्या सरांनी, सराव संपता संपता बाराच्या बारा पोरी तुमच्या स्टुडिओत पाठवल्या. कुणाच्या गालावर मैदान आखायची पांढरी फक्की, कुणाच्या वेणीत कुसळं. तुम्ही म्हणालात, "तोंडं धुवा गं." त्यातली एक म्हणाली, "काका, असंच काढा. आमाला परत खेळायला जायचंय."

"काय खेळता?"

"सॉफ्टबॉल."

"म्हंजी क्रिकेटवानी?"

"न्हाई!" बाराजणी एकदम ओरडल्या. तुम्ही मला नंतर सांगितलंत, ते 'न्हाई' ऐकून पडद्यावरची धूळ उडाली. मग तुम्ही स्टुडिओला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागं मैदानावर गेलात.

पारनेरात तोवर कुणाला सॉफ्टबॉलचं काही पडलेलं नव्हतं. बेस म्हणून खताच्या गोणीत माती भरून ठेवलेली. मागं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचर पोरीच्या तोंडाला लावायची जाळी एकच, ती दोन्ही संघांत मिळून वापरायची. माझं तर विचारू नका. पहिली दोन वर्षं चेंडू रेषेबाहेर गेला की मी टाळ्या वाजवायचो, कारण लांब गेलेला दिसायचा. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी सगळं समजून घेतलंत. चार गोण्या, एकीवरून दुसरीवर पळायचं, चौथीवर आलं की रन. आणि पहिल्याच दिवशी शिव्याही खाल्ल्यात. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी पोरगी, हात फिरवायला गेली आणि तुम्ही लग्नातल्यासारखे म्हणालात, "रेडी?" ती बिचारी थांबली. हात तसाच वर. पंच धावत आले.

त्या दिवशी घरी येऊन तुम्ही जेवताना म्हणालात, "पाव्हणं, लग्नात आपन म्हनंल तवा मानसं थांबत्यात. हितं मानसं थांबत न्हाईत. आपन थांबायचं."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी दुसरी भाकरी मागितली.

नंतर तुमच्या त्या फोटोंवरून अक्का आणि तुमच्यात जे जुंपायचं ते मी किती वेळा ऐकलं! एक पोरगी मातीत घसरत बेसवर येतेय, एक पाठमोरी धावतेय, एकीचं नुसतं ग्लोव्ह आणि वेणी. अक्का फोटो हातात घेऊन उलटासुलटा करायची.

"अवो, पन हिचं तोंड कुटंय?"

"तोंड दिसत न्हाई म्हंजी तिला चेंडू दिसतोय."

"तिच्या आईला काय चेंडू बघायचाय व्हय?"

म्हणून मग तुम्ही एक कायदा केलात. संघात बाराजणी तर बाराजणींचा फोटो निघालाच पाहिजे. बाकावर बसलेल्या तिघींचासुद्धा, आणि तो बाकावर बसलेला नाही, ओरडताना, उड्या मारताना, पाण्याची बाटली घेऊन धावताना. फोटो घरी जायचा तेव्हा आयांना वाटायचं, आपलीच पोरगी सगळी मॅच खेळली. एका आईनं तर बाकावरच्या पोरीचा फोटो देवघराशेजारी लावला. तुम्ही म्हणालात, "ती बी जिंकायलाच गेल्ती की."

आता त्या दिवसाकडं येतो. आजवर मी इथंच चहा मागवत आलो.

नगरला जिल्ह्याची फायनल होती. सतरा वर्षांखालच्या मुली. जिंकलं तर विभागीय स्पर्धा, आमच्या शाळेला ती कधीच मिळाली नव्हती. मी शाळेत क्लार्क म्हणून नुकताच लागलेलो, ऑर्डर अजून पक्की नव्हती. लग्नसराईत मी तुमच्या हाताखाली दुसरा कॅमेरा धरायचो, म्हणून त्या दिवशी तुम्ही मलाही घेतलंत. तुम्ही कॅचरच्या मागं, कुंपणाच्या जाळीपाशी उभे राहिलात. मला तिसऱ्या बेसच्या मागं, रेषेबाहेर उभं केलंत आणि एकच सूचना दिलीत. "तोंड बंद, बोट चालू."

तिसऱ्या बेसवर रेश्मा होती. 'तोंडं धुवा' म्हटल्यावर 'असंच काढा' म्हणणारी तीच. दहावीत होती. तिच्याकडं आलेला चेंडू मागं गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

शेवटची इनिंग. आपण एका रननं पुढं. समोरच्यांच्या दोघी जणी आऊट, दोघी बेसवर. आणखी एक आऊट, की संपलं. त्यांच्या पोरीनं चेंडू मारला आणि तो जमिनीवरून सरपटत सरळ रेश्माकडं निघाला. ती खाली वाकली. ग्लोव्ह मातीला टेकलं. मी कॅमेऱ्यातून बघत होतो. मागं ऊन, उडालेली धूळ सोन्यासारखी, आणि मधे फक्त तिचं डोकं. तोंड दिसेना.

दाजी, त्या आठवड्यात मी तुमच्याबरोबर चार लग्नं केली होती. चार लग्नांत किती करवल्या, किती मामा, किती आत्या! माझं तोंड माझं राहिलं नव्हतं. ते आपोआप उघडलं.

"ए बाळा, इकडं बघ!"

आणि तिनं बघितलं. नुसतं बघितलं नाही, हसली. आपल्याकडच्या पोरींना लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं ना, फोटोवाला म्हणाला की बघायचं आणि हसायचं. माझं बोट चालू होतं. चेंडू तिच्या दोन पायांतून मागं गेला. दोघीजणी धावत चौथ्या बेसवर आल्या, दोन रन. मॅच संपली.

मग खरात सर मैदानात शिरले. "कोण वराडलं? कोण वराडलं त्यो?" मी कॅमेरा छातीशी धरून उभा. जीभ, जी दहा सेकंदांपूर्वी एवढी तयार होती, ती टाळूला चिकटलेली. आणि जाळीमागून तुम्ही चालत आलात. बुटांना फक्की लागलेली. तुम्ही चालता चालता एकदाही माझ्याकडं बघितलं नाहीत.

"मी वराडलो, सर. चुकलं. लग्नाची सवय."

सगळ्यांना पटलं. फोटोवाले म्हणजे तुम्हीच. मी कोण, पिशवी धरणारा मेव्हणा. सर म्हणाले, "उद्यापासून तुमचा कॅमेरा माझ्या ग्राउंडवर दिसता कामा नये." तुम्ही मान हलवलीत.

परतताना मोटरसायकलवर मी मागं बसलो होतो. वाटेत मी म्हणालो, "दाजी, मी सरांना सांगतो." पण म्हणालो अशा आवाजात की ऐकणाऱ्यानं 'नको' म्हणावं. तुम्ही एरवी मला 'पाव्हणं, तुमी' म्हणायचात. तेव्हा म्हणालात, "गप बस. तुजी आर्डर अजून पक्की न्हाई." तुम्ही 'तू' म्हणालात की समजायचं, विषय संपला. मला तर तो संपायलाच हवा होता.

पण तो तुमच्यापुरता संपला, रेश्मापुरता नाही. शाळेत तिचं नाव पडलं 'इकडंबघ'. व्हरांड्यातून ती चालली की मागून कुणीतरी गायचंच. माझं टेबल खिडकीपाशी. मी सगळं ऐकायचो आणि बोनाफाईडवर शिक्के मारत राहायचो, जरा जोरातच मारायचो. एकदा ती दाखला मागायला खिडकीत आली. मी वर न बघता विचारलं, "नाव काय?"

ती म्हणाली, "तुमाला म्हाईत हाय, भाऊसाहेब."

मी रजिस्टरात तोंड घातलं. मनाशी म्हणालो, हो की, शाळेत सगळ्यांची नावं आपल्याला माहीत असतातच, म्हणून म्हणाली असेल. माणूस स्वतःला किती स्वस्तात फसवतो ते मला त्या खिडकीत कळायला हवं होतं.

मैदान बंद झाल्यावरही तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. संध्याकाळी 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून शाळेच्या भिंतीकडं जायचात एवढं मला ठाऊक होतं. दोन महिन्यांनी सरांनीच तुम्हाला परत बोलावलं. का बोलावलं, मी विचारलं नाही. ज्या गोष्टीला हात लावला की आपलंच बोट भाजेल, ती मी विचारत नसतो.

माझी ऑर्डर पक्की झाली त्या दिवशी पेढे घेऊन आलो, तर तुम्ही पेढा हातात धरून म्हणालात, "आता सांग तिला."

मी म्हटलं, "आता कशाला? विसरली असेल." पुढच्या वर्षी म्हटलं, "कॉलेजला गेली ती." मग म्हटलं, "आता ती स्वतः खेळाची मॅडम झालीय, नगरजवळच्या नागापूरच्या शाळेत. मॅडमला असलं काही सांगतात का?" प्रत्येक वेळी तुम्ही कपाटातून तोच फोटो काढायचात. माझा फोटो. वाकलेली रेश्मा, सोन्यासारखी धूळ, घोट्यापाशी पिवळा चेंडू आणि वर थेट माझ्याकडं बघून हसणारं तोंड.

"पाव्हणं, ही कुनाकडं बघतीया?"

"कॅमेऱ्याकडं."

"आन् कॅमेरा कुनाच्या हातात हुता?"

"अक्का, चहा टाक गं."

गेल्या दिवाळीत हेच झालं. मी चकली मोडत होतो, तुम्ही लेन्स पुसत होतात. तुम्ही म्हणालात, "तिला ठावं हाय. तिला ठावं न्हाई म्हनून सांगायचं नसतं. आपल्याला सांगायचं असतं म्हनून सांगायचं." मी म्हटलं, "दाजी, तुम्ही प्रवचनाला जायला लागलात का?" तुम्ही हसलात. म्हणालात, "ऱ्हाऊ दे. तुज्या येळंला सांगशील." आपलं भांडण तिथंच अर्धवट राहिलं. मला वाटलं, पुढच्या दिवाळीला पुढचं भांडू.

दहाव्याला रेश्मा आली. एकटी नाही, ट्रॅकसूट घातलेल्या बारा पोरींना घेऊन. त्या ओळीनं फोटोसमोर उभ्या राहिल्या. सगळ्या मांडवात तुमच्या त्या मिटलेल्या डोळ्याला न दचकलेल्या त्याच. एक तर खुदकन हसली आणि मग रडायला लागली. माझी तीन वाक्यं बोलून झाल्यावर रेश्मा माझ्याजवळ आली.

"भाऊसाहेब, शनिवारी सकाळी आठला नागापूरला याल? काकांची जागा रिकामी आहे."

मला वाटलं, मॅच असेल, फोटो हवे असतील. मी 'हो' म्हटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. शनिवार. सहा-सात वर्षं तुम्ही दर शनिवारी पहिल्या एसटीनं नगरला जायचात, 'फोटोचा पेपर आणायला'. मोबाईल आल्यापासून महिन्याला दहा प्रिंट निघत नव्हते आणि पेपर मात्र दर आठवड्याला लागायचा. मी तुमची किती थट्टा केली! "अक्का, लक्ष ठेव गं, दाजींचा पेपर फार संपतो." आणि अक्का भाजी निवडत म्हणायची, "लक्ष हाय माजं."

त्या दुपारी मी अक्काला विचारलं, "तुला माहीत होतं, दाजी शनिवारी कुठं जातात ते?"

"त्यो डबा काय मी पेपरसाठी देत हुते?" ती म्हणाली. मग उठली, तुमच्या कपाटातून एक पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. आत तोच फोटो, मोठा करून छापलेला. पाकिटावर तुमचं अक्षर, 'रेश्माचा. पाव्हणं देतील.'

दाजी, 'देतील' असं लिहिलंत तुम्ही. 'द्यावा' नाही, 'दिला तर' नाही. या एका शब्दावर मी स्टुडिओत त्या पासपोर्टच्या स्टुलावर बराच वेळ बसून होतो. समोर तुमचा निळा पडदा. रडताना हनुवटी खाली गेली, तर उगीच वाटलं, तुम्ही म्हणाल, "हनुवटी वर."

शनिवारी एसटीत मी काय बोलायचं त्याची तयारी केली. वीस वर्षं पत्रं लिहिल्याचा परिणाम असा की मनात मजकूर आला तो 'उपरोक्त विषयास अनुसरून' असाच. दोन-तीनदा खोडला. नागापूरला उतरलो तेव्हा कंपन्यांची पहिली पाळी आत गेलेली, चहाच्या टपऱ्या रिकाम्या होत होत्या. शाळेमागच्या मैदानावर रेश्मा स्वतः फक्कीनं रेषा मारत होती. मी तिच्या मागोमाग चालायला लागलो. पहिला बेस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या बेसपाशी ती थांबली.

मी म्हटलं, "तेव्हा मी ओरडलो होतो. दाजी नाही."

ती म्हणाली, "हो." आणि फक्कीचं घमेलं खाली ठेवलं.

मी पाकीट पुढं केलं. तिनं हात ट्रॅकसूटला पुसले, फोटो काढला आणि बघत राहिली. "किती हसतेय मी," ती म्हणाली. "शाळेतला माझा हसरा फोटो आईकडं एकही नाही." मला जरा बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात तिनं मान वर केली.

"भाऊसाहेब, हाकेचा राग नव्हता मला. चुकून कुणीही ओरडतं. तुम्ही खिडकीतून मला माझं नाव विचारलंत ना, त्याचा होता."

दाजी, माझ्याकडं सगळ्या तऱ्हेचे अर्ज तयार असतात, याचा नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं." एवढंच. ती काही 'जाऊ द्या' म्हणाली नाही. मला वाटतं, म्हणाली असती तर मी परत स्वतःला स्वस्तात सोडलं असतं. तिनं मान हलवली, फोटो पाकिटात घातला, पाकीट बॅगेत ठेवलं.

मग सांगायला लागली. त्या फायनलनंतर तिनं खेळ सोडला होता. तुमच्या स्टुडिओत आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही खोटं का बोललात? मी बघितलंय कोण होतं ते." तुम्ही तिला सांगितलंत, त्याची नोकरी नवी आहे, तो येईल सांगायला. तिनं विचारलं, कधी? तर तुम्ही म्हणालात, "हापिसातला मानूस हाय, फाईल हळू सरकती. पन येनार." वर तिला म्हणालात, "तवर तू खेळ. मी भितीपल्याडनं वराडतो, तू बघायचं न्हाई."

आणि रोज संध्याकाळी, दाजी, मैदानात यायला बंदी असलेले तुम्ही, भिंतीच्या बाहेर दगडावर उभे राहून ओरडायचात, "ए बाळा, इकडं बघ!" पहिले आठ दिवस तिनं दर वेळी बघितलं. पोरी हसायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, फोटोवाल्याचं डोकं फिरलं. पंधराव्या दिवशी तिनं नाही बघितलं. महिन्यानं तुम्ही तिच्या नावानं, तिच्या आईच्या नावानं, 'साप! साप!' म्हणूनसुद्धा ओरडून पाहिलंत. मान हलली नाही. खरात सरांनी हे बघितलं, म्हणून तुम्हाला आत घेतलं. मला वाटत होतं, सरांना तुमची दया आली.

"इथं लागल्यावर मी काकांना म्हटलं, माझ्या पोरींनाही शिकवायचंय," रेश्मा म्हणाली. "तेव्हापासून दर शनिवारी यायचे. आधी तासभर ओरडायचे, मग फोटो." तिनं तिसऱ्या बेसच्या मागं बोट दाखवलं. तिथं एक चपटा दगड होता. "काकांची जागा. आजपासून तुमची. ओरडा."

"मी?"

"तुम्हाला येतं की." दाजी, ती पहिल्यांदा तेव्हा हसली.

मी दगडावर उभा राहिलो. तुमचा कॅमेरा गळ्यात. रेश्मानं बॅट घेतली, चेंडू मारला, तो सरपटत तिसऱ्या बेसवरच्या पोरीकडं निघाला. मी तोंड उघडलं. आवाजच नाही. एकोणीस वर्षांपूर्वी न बोलावता आलेली हाक आता बोलावूनही येईना. पोरगी चेंडू उचलून उभी, माझ्याकडं बघतेय. "काका, ओरडा ना!" ती म्हणाली. पलीकडून दुसरी म्हणाली, "फोटोकाका लई जोरात वराडायचे. ह्यांचा तर सायलेंटवर हाय."

दुसऱ्या चेंडूला निघाला आवाज. "ए बाळा, इकडं बघ!" जरा कापरा, पण निघाला. एका नव्या पोरीनं बघितलं, चेंडू तिच्या नडगीवर बसला, सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि नडगी चोळत परत वाकून उभी राहिली. मग मी सुटलोच, दाजी. करवल्यांना मारतात तशा हाका मारल्या, मामा लोकांना मारतात तशा मारल्या. "अहो मॅडम, हनुवटी वर!" "निळ्या रिबीनवाली, जरा हसा!" कंपनीच्या गेटवरचा वॉचमन बघायला आला. घसा बसला. बाराजणींच्या बारा पाळ्या झाल्या. शेवटी ती नडगीवाली परत आली. चेंडू निघाला, मी होतं नव्हतं ते सगळं घालून ओरडलो.

तिनं नाही बघितलं.

माझं बोट चालू होतं.

घरी येऊन मी तो फोटो छापला. तुमचा पेपर अजून कपाटात आहे, भरपूर आहे. अक्काला दाखवला. तिनं चष्मा लावला, उलटासुलटा केला.

"हिचं तोंड कुटंय रं?"

बसलेल्या घशानं मी म्हटलं, "तोंड दिसत नाही म्हणजे तिला चेंडू दिसतोय."

अक्का पदरानं नाक पुसत म्हणाली, "आता ह्यो बी बिघडला." तुमच्याकडं बघून म्हणाली. मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढलो, आणि तो फोटो तुमच्या उघड्या डोळ्यासमोर धरला.